पावणेदोन व्होल्टांची चोरी

भाऊबीजेच्या रात्री सव्वादहाला, बंद गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध बसून आपला भाऊ ओवाळून घ्यायला येईल, अशी कल्पना माझ्या आत्याने सत्त्याऐंशी वर्षांत कधी केली नसेल. पण २०२३ च्या दिवाळीत तिला ते पाहावे लागले. ट्रकच्या मागे पुढची चाके अधांतरी धरून आमची फियाट लटकत होती. सदाशिव पेठेतल्या त्या बोळात ट्रक शिरणार नव्हता, म्हणून बाबा कोपऱ्यावर उतरले, धोतराच्या निऱ्या सारख्या केल्या आणि काही झालेच नाही अशा थाटात दारात जाऊन उभे राहिले. आत्या संध्याकाळपासून निरांजन तयार ठेवून बसली होती. तिने एक अक्षर विचारले नाही. ओवाळले, आणि मग एवढेच म्हणाली, "ट्रक तुझाच का रे?"

त्या रात्री परतताना—आम्ही परतलो ते भाड्याच्या गाडीने—बाबा लोणावळ्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "देऊन टाक तिला. आता तीही म्हातारी झाली, मीही झालो."

वाचकांना वाटेल, एका जुन्या गाडीचे ते काय एवढे? पण ही गाडी आमच्या घरात माझ्या धाकट्या बहिणीच्याही आधी आली आहे. १९६८ सालची फियाट ११००. त्या काळी नवी फियाट हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेवढा धीर आणि पैसा दोन्ही नसल्यामुळे बाबांनी १९७६ साली ती आपल्या कचेरीतल्या साहेबांकडून जुनीच घेतली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून दर भाऊबीजेला पार्ल्याहून पुणे, हा नेम. पुढच्या सीटवर आई आणि मागे आम्ही दोघे भावंडे, डब्यात चकल्या. आई २०११ साली गेली. तिची पाठीला लावायची उशी अजून पुढच्या सीटवर आहे आणि ती हलवायची कुणाची छाती नाही. तेव्हा "देऊन टाक" हे शब्द बाबांच्या तोंडून आले याचा अर्थ ज्यांना कळायचा त्यांना कळेल.

शिवाय काळही असा विचित्र. आमच्या फियाटचीच पुढची पिढी म्हणजे 'पद्मिनी', कुर्ल्याच्या त्याच कारखान्यातली. काळ्यापिवळ्या रंगात तिने मुंबई किती वेळा पालथी घातली असेल कोण जाणे! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली आणि नंतर पंधरवडाभरातच आमची गाडी बोरघाटात बसली. बहिणीच्या दुःखाने बसली, असे आमच्या कन्येचे मत पडले.

बसली म्हणजे कशी, तेही सांगितले पाहिजे, कारण सगळे रहस्य तिथेच होते. पनवेल, चौक, खोपोलीपर्यंत गाडी लोण्यासारखी आली. घाट लागला, तिसरा गिअर सोडून दुसरा टाकला, आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा अलीकडे इंजिनाला उचक्या लागल्या. मेकॅनिक लोक याला 'मिसिंग' म्हणतात. पाय दाबावा तो गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे खेचावी तशी अडखळते. पाय सैल केला की शांत. शेवटी बंद. अर्धा तास थांबलो, चालू झाली. दोन वळणे चढली, पुन्हा बंद. असे तीनदा झाले आणि मग ट्रक आला.

पुढचे आठ महिने मी डॉक्टरांच्या मागे लागलेल्या रोग्याच्या नातेवाइकासारखा फिरलो. एकाने सांगितले, उन्हाने पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओले फडके बांधा. दिवाळीच्या थंडीत, रात्री आठ वाजता, कसले ऊन? तरी बांधले. दुसऱ्याने कार्बोरेटर उघडला. तिसऱ्याने प्लग बदलले, चौथ्याने पेट्रोल पंप बदलला. दर वेळी गाडी पार्ल्याच्या गल्लीत झकास चाले, आणि दर वेळी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढणीला तीच उचकी. धाकटी बहीण फोनवरून विचारी, "अजून भंगारात नाही घातलीस?"

आता जरा इंजिनाच्या पोटात शिरू. स्वयंपाकघरात लायटरची ठिणगी पडली नाही तर गॅस कितीही सोडा, शेगडी पेटत नाही. तसेच हे आहे. सिलिंडरात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडावी लागते. पण बॅटरी असते बारा व्होल्टची. बारा व्होल्टना प्लगच्या टोकांमधली ती अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडता येत नाही; त्याला हजारो व्होल्ट लागतात. हे बाराचे हजारो करणारी जादूगारीण म्हणजे 'कॉइल'. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. चाळीत राहिलेल्यांना ठाऊक असेल, वाहता नळ झटकन बंद केला की पाइपात दणका बसतो. तसाच दणका इथे बसतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. तो प्रवाह तोडणारी बारीकशी जोडी म्हणजे 'पॉइंट', आणि तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी 'कंडेन्सर'. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर अशा ठिणग्या सेकंदाला शंभर पडतात. शंभर! आपण एक शिंक देईपर्यंत एवढा कारभार उरकलेला असतो.

ही युक्ती अमेरिकेतल्या ओहायो प्रांतातल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगची. हा गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर बसवीत असे. त्याची ही रचना १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत बसली आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी तिच्यावर धावल्या. त्याच्या कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून 'डेल्को' झाले. आपल्याकडचे जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात, तो शब्द तिथून आला.

हे सगळे मी त्या आठ महिन्यांत वाचून काढले आणि माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाचे जे होते तेच माझे झाले. ठिणगी कमजोर आहे, हे मी बरोबर ओळखले. चढणीला इंजिनावर भार पडतो, सिलिंडरात मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. सपाटीवर पुरणारी ठिणगी घाटात पुरत नाही. इथवर ठीक. मग मी ठरवले, कॉइलच जोरदार घालावी! ऑपेरा हाउसजवळच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो आणि दुप्पट ताकदीची म्हणून एक चकचकीत कॉइल घेतली. दुकानदाराने विचारले, "गाडीत रेझिस्टर आहे ना?" मी सर्व समजल्यासारखी मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत पुढे दिली.

जुन्या कॉइलचा रोध तीन ओहम. म्हणजे ती जेमतेम चार अँपिअर प्रवाह घेई. नव्या कॉइलचा रोध दीड ओहम. तिच्या वाटेत आणखी दीड ओहमचा रेझिस्टर बसवायचा असतो, आणि तो मधून वगळायचा तो फक्त सेल्फ मारण्यापुरता. मी तो मुळीच बसवला नाही. म्हणजे छप्पन्न वर्षांच्या त्याच वायरीतून, त्याच चावीच्या स्विचातून दुप्पट प्रवाह ओढायला लावला. आणि जुन्या फियाटच्या या वायरीच्या वाटेत फ्यूजही नव्हता.

जुलैतला रविवार होता. गाडी इमारतीखाली उभी. चावी 'चालू' वर, इंजिन बंद. मी खाली उभा राहून शेजाऱ्यांना नव्या कॉइलचे गुण सांगतो आहे आणि कन्या स्टिअरिंगपाशी बसली आहे. इंजिन बंद असले आणि पॉइंट नेमके मिटलेले असले, तर कॉइलमधून प्रवाह अखंड वाहत राहतो, हे व्याख्यानाच्या भरात वक्ता विसरला. पाच-सात मिनिटांनी कन्या म्हणाली, "बाबा, कसला तरी वास येतोय." मी वळून पाहतो तो डॅशबोर्डखालून निळसर धूर. तिला बाहेर ओढले, बॉनेट उघडले, आणि पाना शोधायला वेळ नव्हता म्हणून बॅटरीचे टर्मिनल हातानेच हिसडून काढले. सुदैवाने ते सैल होते. नीट आवळलेले असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही रात्रीबेरात्री येतो. आमच्या सौ.नी वरून, गॅलरीतून, सगळे पाहिले होते. ती बोलली काहीच नाही. पण त्या संध्याकाळी जेवताना बाबांनीच विषय काढला, "मी सांगितलं होतं, देऊन टाक. आता पोरगी बसली होती आत."

गाडी विकायची हे जवळजवळ ठरले. भंगारवाल्याने भाव सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. बाबा हा अंक वाचतात.

अशा वेळी एका निवृत्त टॅक्सीवाल्याने मला कुर्ल्यातल्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रींचा पत्ता दिला. मूळचे कऱ्हाडचे, सत्तरीच्या घरातले. उभा जन्म पद्मिनी टॅक्सींच्या वायरी जोडण्यात गेलेला. टॅक्सी संपल्या तसे आता रिक्षांना हॉर्न आणि लाइट बसवून देतात. फियाट म्हटल्यावर ते रविवारी सकाळी लोकलने पार्ल्याला हजर झाले. हातात पिशवी, पिशवीत एक मीटर, पक्कड, पॉलिश पेपर आणि जेवणाचा डबा.

मी त्यांना माझे निदान सांगू लागलो. ते म्हणाले, "साहेब, जुनी कॉइल फेकली न्हाई न्हवं?" नव्हती फेकली. "मग ती लावा आधी. तिला काय झालं न्हाई. ती उपाशी हाय."

जळालेल्या तुकड्याला त्यांनी तात्पुरता जोड दिला, जुनी कॉइल लावली. मग जे केले ते आठ महिन्यांत कुणी केले नव्हते. त्यांनी मोजले! पॉइंट मिटलेले, चावी चालू. मीटर आधी बॅटरीवर धरला: १२.६ व्होल्ट. मग कॉइलवर धरला: १०.८५.

"पावणेदोन गेले कुठं?" मिस्त्री मला विचारू लागले, जणू मीच घेतले होते. आणि मग पोलीस जसा एकेक खोली तपासतो तसा त्यांनी वाटेवरचा एकेक टप्पा मीटरने तपासला. चावीच्या स्विचात ०.८ व्होल्ट गडप. आतले तांब्याचे पत्रे झिजून काळे पडलेले. डॅशबोर्डच्या मागे, कुणीतरी कधीतरी वायर तोडून नुसती पिळून टेप मारलेला जोड होता, त्यात ०.६. एका गंजलेल्या टोकात पाव व्होल्ट. आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वेणी ऑइलने माखलेली, तिच्यात ०.१. बेरीज बरोबर पावणेदोन.

तुम्ही म्हणाल, साडेबारातून पावणेदोन गेले तर काय बिघडले? मलाही तसेच वाटले होते. पण कॉइलमध्ये साठणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह सातवा हिस्सा घटला की शक्ती चौथा हिस्सा घटते. त्यात इंजिन तापले की कॉइल तापते, तिचा रोध वाढतो, प्रवाह आणखी घटतो. म्हणून तर अर्धा तास थांबल्यावर गाडी चालू होई! आणि सेल्फ मारताना बॅटरीच दहा व्होल्टवर उतरते. तेव्हा तर निम्म्याहून कमी शक्ती उरत होती. कॉइल, पॉइंट, प्लग सगळे धडधाकट होते. आम्ही त्यांच्या नाड्या तपासत बसलो होतो आणि चोरी वाटेत होत होती.

उपाय मिस्त्रींनी सांगितला तो इतका साधा की मला माझ्या चकचकीत कॉइलची लाज वाटली. आगपेटीहून लहान असा काळा ठोकळा, त्याचे नाव रिले. सध्याच्या कुठल्याही मोटारीत असे डझनभर असतात. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर, बॅटरीच्या अगदी जवळ दहा अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेत. ८७ नंबरमधून थेट कॉइलवर. जुनी चावीची वायर कॉइलवरून काढून ८६ नंबरला, आणि ८५ बॉडीला अर्थ. म्हणजे चावीने आता फक्त रिलेला हुकूम द्यायचा. त्याला एक अँपिअरचा सहावा-सातवा हिस्साही पुरतो. झिजलेल्या स्विचाला तेवढे सहज झेपते. ओझे नव्या रस्त्याने जायचे. त्यांनी टोके नुसती पिळली नाहीत. दाबून बसवली, सोल्डर केली, वर नळी चढवली. जळकी वायर बदलली, अर्थिंगची वेणी नवी घातली, बॉडीवरचा रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर ती आवळली. पॉइंट पॉलिश पेपरने घासून फट लावली, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून प्लगकडे जाणाऱ्या वायरी कडक होऊन तडकल्या होत्या, त्या चारही नव्या घातल्या.

मी मध्येच विचारले, "मिस्त्री, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिकच का बसवायचं नाही?" ते म्हणाले, "बसवा की. चांगलं असतंय. पण आधी वाट नीट करा, मग पाहुणा बोलवा." मी तो पाहुणा अजून बोलावलेला नाही. पॉइंट बिघडतात ते सांगून-सवरून, हळूहळू. आणि रस्त्याच्या कडेला घासून चालू करता येतात. ते डबीतले यंत्र जाते तेव्हा न सांगता जाते. हे अर्थात माझे मत. रोज फियाट चालवणाऱ्याने वेगळे ठरवले तर मी भांडणार नाही.

बाबा इतका वेळ खुर्ची टाकून पाहत होते. त्यांची एकच अट: रिले दिसता कामा नये. "साहेबांनी गाडी दिली तेव्हा असलं काही नव्हतं." मिस्त्रींनी तो बॅटरीच्या आडोशाला लपवला आणि जुनी वायरही न काढता तिच्या जागी राहू दिली.

मग मीटर: कॉइलवर १२.४! मिस्त्रींनी बाबांना चावी दिली. "काका, तुम्ही मारा." बाबांनी सेल्फ मारला, अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू. जरा रेस केली; उचकी नाही, काही नाही. बाबांचा चेहरा मी पाहत होतो. त्यांनी समाधानाने चावी फिरवली, बाहेर काढली, खिशात घातली.

आणि इंजिन चालूच!

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. चावी बाबांच्या खिशात आणि गाडी आपली घुरघुरते आहे. कन्या म्हणाली, "आजोबा, तिला थांबायचंच नाहीये." मिस्त्री कपाळावर हात मारून हसायला लागले. गाडी थोपवली ती शेवटी फ्यूज काढून. झाले होते असे: डायनमो चार्ज करतो की नाही हे दाखवणारा डॅशबोर्डवरचा लाल दिवा चावीच्याच वायरीला जोडलेला असतो. चावी बंद केली तरी फिरता डायनमो त्या दिव्यातून उलटा प्रवाह पाठवी. पूर्वी तो कॉइलला पुरत नसे. पण रिले अल्पसंतुष्ट. त्याला तेवढाही पुरला आणि त्याने कॉइल चालूच ठेवली. पिशवीत दोन-चार रुपयांचा डायोड होता, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तो दिव्याच्या वायरीत घातला आणि गाडी चावीचे ऐकू लागली. घरी असे काम करणाऱ्यांनी हे एवढे ध्यानात ठेवावे. चावी काढूनही न थांबणारी गाडी रस्त्यात भेटू नये.

मिस्त्रींनी दिवसाची मजुरी घेतली, डबा आमच्याकडेच खाल्ला, सौ.नी वाढलेली आमटी दोनदा घेतली. जाताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, आणि मला वाटते तेवढा वेळ ते आमच्या गाडीपाशी नव्हते.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. सकाळी सातला निघालो. मी खोपोलीपर्यंत काही बोललो नाही. घाट लागला, दुसरा गिअर, पाय खाली. पहिले वळण, दुसरे. मागच्या वर्षीची जागा मला दगडासकट ओळखता येत होती. ती मागे पडली. शिंग्रोबाच्या देवळापाशी बाबा म्हणाले, "थांबव." घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान, जाणारे-येणारे ड्रायव्हर पैसे वाहून पुढे जातात. मी थांबलो, पण चढावर, गरम इंजिन बंद करायचा धीर होईना. "तुम्ही या जाऊन, मी चालू ठेवतो," मी म्हणालो. बाबांनी माझ्याकडे पाहिले, हात लांब करून स्वतः चावी फिरवली आणि उतरले. सावकाश नाणे वाहिले, हात जोडले, दरीकडे बघत जरा उभे राहिले. परत येऊन बसले आणि आईची उशी पाठीशी सारखी करीत म्हणाले, "हं, मार."

अर्ध्या फेऱ्यात लागली.

अकराच्या सुमारास आम्ही सदाशिव पेठेत पोहोचलो. गाडी बोळाच्या आत, अगदी दारापर्यंत नेली. हॉर्न ऐकून आत्या दारात आली. तिने बाबांकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, मग बाबांच्या खांद्यावरून पार बोळाच्या तोंडापर्यंत नजर टाकली आणि विचारले, "आणि ट्रक कुठे ठेवलास?"